मैदानावरचा नेता घडतो कसा? खेळातील नेतृत्वाचे शास्त्र सोप्या भाषेत

फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्ड स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रम विद्यामंदिरासाठी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा होता अमोल मुजुमदार. त्याची फलंदाजी आलीच नाही. हे तिघेही रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. पुढे तेंडुलकर जगातला सर्वाधिक धावा करणारा फलंदाज झाला, पण भारताचा कर्णधार म्हणून खेळलेल्या २५ कसोटींपैकी त्याला केवळ ४ जिंकता आल्या. ९ गमावल्या आणि १२ अनिर्णित राहिल्या. मुजुमदारने प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांहून अधिक धावा केल्या, मुंबईचा कर्णधार म्हणून २००६-०७ ची रणजी स्पर्धा जिंकली, आणि तरीही त्याला भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. मात्र २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने पहिल्यांदा विश्वचषक उंचावला, तेव्हा त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक तोच होता.

यात तेंडुलकरचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. प्रश्न वेगळाच आहे. उत्तम खेळणे आणि इतरांकडून उत्तम खेळ करून घेणे ही दोन निराळी कामे असतील, तर दुसरे काम माणूस कुठे शिकतो? आपल्याकडे फलंदाजी शिकवण्याचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. कर्णधारपद शिकवण्याचा वर्ग मी कुठे पाहिलेला नाही. नेतृत्व हे अंगातच असावे लागते, असे आपण गृहीत धरतो आणि पुढे जातो. या समजुतीची तपासणी मानसशास्त्राने गेली कित्येक दशके केली आहे आणि तिच्यातून जे हाती आले ते शाळेच्या मैदानावर उभ्या असलेल्या कोणत्याही क्रीडाशिक्षकाच्या उपयोगाचे आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. अभ्यासक नेतृत्वाची व्याख्या करतात तेव्हा ते पदाबद्दल बोलत नाहीत. एका समान ध्येयाच्या दिशेने गटाने चालावे म्हणून गटातील माणसांवर पडणारा प्रभाव, असा त्यांचा अर्थ असतो. कर्णधाराच्या दंडावरची पट्टी हे पद झाले. तो प्रभाव पट्टी बांधलेल्या खेळाडूचा असेल, राखीव बाकावर बसलेल्या ज्येष्ठ खेळाडूचा असेल किंवा प्रशिक्षकाचा असेल.

सर्वांत जुना विचार थोर पुरुषांचा. इतिहास थोर माणसे घडवतात आणि ती जन्मतःच तशी असतात, ही कल्पना स्कॉटलंडच्या थॉमस कार्लाइलने १८४० च्या व्याख्यानांत जोमाने मांडली. पुढे विसाव्या शतकात संशोधकांनी ती मोजून पाहायला घेतली: नेते अधिक उंच असतात का, अधिक बुद्धिमान असतात का, अधिक बोलके असतात का? राल्फ स्टॉगडिल या अमेरिकी अभ्यासकाने १९४८ मध्ये असे १२४ अभ्यास एकत्र तपासले. काही गुण नेत्यांमध्ये थोडे अधिक आढळले, परंतु प्रत्येक परिस्थितीत नेत्याला इतरांपासून वेगळे काढता येईल असा गुणांचा ठरावीक संच काही सापडला नाही. एका ठिकाणी नेता ठरलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी नेता ठरेलच, असे म्हणता येत नाही. हा निष्कर्ष निघून इतकी वर्षे झाली, तरी निवड समितीच्या बैठकीपासून शाळेच्या संघापर्यंत आपण आजही सर्वाधिक धावा किंवा सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याच्या गळ्यात कर्णधारपदाची माळ घालतो.

याच काळात काही अभ्यासकांचे लक्ष गुणांवरून वागण्याकडे वळले. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आयोवा येथे दहा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. मुखवटे बनवण्यासारखी कामे करणाऱ्या या मुलांना कधी हुकूम सोडणारा, कधी चर्चा करून ठरवणारा, तर कधी सगळे मुलांवर सोडून देणारा मोठा माणूस नेता म्हणून मिळे. हुकूम सोडणाऱ्याच्या हाताखाली काम भरपूर होई. तो खोलीबाहेर गेला की काम थंडावे, आणि मुलांमध्ये एक तर कुरबुरी वाढत किंवा ती गुमसुम होत. चर्चा करणाऱ्या नेत्याच्या गटात मात्र तो बाहेर गेला तरी काम बऱ्यापैकी चालू राहत असे. सगळे सोडून देणाऱ्याच्या गटात धड काम होत नसे आणि मुलेही खूश नसत. खेळाच्या प्रशिक्षकाने यातले ‘खोलीबाहेर गेला की’ हे शब्द मनात ठेवावेत, कारण सामना सुरू झाला की बहुतेक खेळांत तो मैदानाबाहेरच असतो.

म्हणजे प्रत्येक प्रशिक्षकाने नेहमी चर्चाच करावी का? तसेही नाही, आणि याचे सर्वांत समाधानकारक उत्तर एका मूळच्या भारतीय अभ्यासकाने दिले आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. पॅकियानाथन चेल्लादुराई हे भारतात बास्केटबॉलच्या मैदानावर घडले, नंतर कॅनडात गेले आणि तेथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी खेळातील नेतृत्वाचे बहुआयामी प्रारूप मांडले. नाव भारदस्त आहे, पण आतली गोष्ट सरळ आहे.

त्यांच्या मते प्रशिक्षकाच्या वागण्याकडे तीन बाजूंनी पाहावे लागते. पहिली बाजू परिस्थितीची: हा खेळ, ही स्पर्धा, ही वेळ कोणते वागणे मागते? दुसरी खेळाडूंची: या मुलांना कसा प्रशिक्षक हवासा वाटतो? आणि तिसरी प्रत्यक्षाची: तो खरोखर वागतो कसा? या तिन्ही गोष्टी जितक्या एकमेकींशी जुळतात तितकी संघाची कामगिरी आणि खेळाडूंचे समाधान वाढते; त्या जिथे फाकतात तिथे कुरबुर सुरू होते. कबड्डीच्या सामन्यात तीस सेकंदांचा टाइम-आउट घेऊन प्रशिक्षक खेळाडूंची मते विचारू लागला, तर तीस सेकंद संपतील आणि चढाईला कोण जाणार हेच ठरलेले नसेल. तेथे परिस्थितीच स्पष्ट हुकूम मागते. परंतु तोच प्रशिक्षक स्पर्धेच्या महिनाभर आधी सरावाचा आराखडा ठरवताना कुणाला काही विचारत नसेल, तर ज्या कोपरारक्षकाला आपल्या गुडघ्याची खरी अवस्था ठाऊक आहे त्याचे म्हणणे कधीच पुढे येणार नाही. माणूस तोच असतो, त्याचा स्वभावही तोच असतो. वेळ बदलली की योग्य वागणे बदलते.

हे मोजायचे कसे, यासाठी चेल्लादुराई आणि सालेह यांनी १९८० मध्ये ४० प्रश्नांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात प्रशिक्षकाच्या वागण्याचे पाच पैलू आहेत. तंत्र आणि डावपेच शिकवणे हा पहिला. खेळाडूंना निर्णयात सामील करून घेणे आणि स्वतःच्या अधिकारात निर्णय घेणे हे दोन; पुष्कळांना ते एकाच फूटपट्टीची दोन टोके वाटतात, पण मोजपट्टीत त्यांची मोजणी वेगवेगळी होते, आणि एकाच प्रशिक्षकात दोन्ही भरपूर असू शकतात. चांगले केले की ते बोलून दाखवणे हा चौथा. आणि पाचवा, सामाजिक आधार, म्हणजे खेळापलीकडच्या खेळाडूची काळजी घेणे.

या शेवटच्या पैलूवर थोडे थांबायला हवे, कारण तो आपल्या मातीत फार खोल रुजलेला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवल्यावर कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने आपल्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांचा उल्लेख दुसऱ्या आईसारखा केला होता. आचरेकर सर तेंडुलकरला आपल्या स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे आणि सराव संपताना यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे. जो गोलंदाज त्याला बाद करेल त्याचे ते नाणे, आणि कुणालाच बाद करता आले नाही तर सचिनचे. अशी तेरा नाणी तेंडुलकरने जपून ठेवली. सर कडक होते आणि निर्णय त्यांचाच असे. तरीही तो कडकपणा जाचला नाही, कारण त्याला काळजीची जोड होती आणि ती मुलाला दिसत होती. चेल्लादुराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये जपानी आणि कॅनेडियन विद्यापीठांतील खेळाडूंची तुलना प्रसिद्ध केली, तीत जपानी खेळाडूंना अधिकारवाणी आणि सामाजिक आधार ही दोन्ही अधिक हवी होती, तर कॅनेडियन खेळाडूंना शिकवण्यावर अधिक भर हवा होता. अधिकार आणि माया यांचे एकत्र नांदणे आपल्यालाही अनोळखी नाही. मात्र या जोडीतली माया वजा करून फक्त अधिकार उचलणारे प्रशिक्षक बरेच आहेत, आणि ते ‘आमच्या वेळी सर असेच होते’ असे सांगतात, हे मला खटकते. त्या सरांची स्कूटर ते विसरतात.

आता ज्या संशोधनाबद्दल मला सर्वाधिक आस्था आहे त्याकडे येतो. अमेरिकेतील सिएटल येथे रोनाल्ड स्मिथ, फ्रँक स्मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मुलांच्या बेसबॉलच्या प्रशिक्षकांकडे पाहायचे ठरवले. ‘पाहायचे’ हा शब्द शब्दशः घ्यावा. निरीक्षक मैदानाच्या कडेला बसत आणि प्रशिक्षकाची प्रत्येक कृती नोंदवत: मुलाने चांगला फटका मारला तेव्हा तो काय म्हणाला, झेल सुटला तेव्हा काय म्हणाला, काही बोललाच नाही का, ओरडला का, दुरुस्ती सांगितली का. ५१ प्रशिक्षकांच्या अशा हजारो कृती नोंदवून झाल्यावर संशोधक मुलांना घरी जाऊन भेटले आणि त्यांना प्रशिक्षक कसा वाटला ते विचारले. प्रशिक्षकांनाही त्यांच्या स्वतःच्या वागण्याबद्दल विचारले.

दोन गोष्टी समोर आल्या. पहिली अशी की प्रशिक्षकांनी स्वतःच्या वागण्याचे केलेले वर्णन निरीक्षकांच्या नोंदींशी फारसे जुळत नव्हते. मुलांनी केलेले वर्णन त्याहून अधिक जुळत होते. म्हणजे आपण मैदानावर कसे वागतो हे आपल्यापेक्षा आपल्या मुलांना अधिक ठाऊक असते. दुसरी गोष्ट अशी की शिक्षा करणारे किंवा लागेल असे बोलणारे वागणे एकूण नोंदींच्या साधारण तीन टक्केच होते, पण मुलांना प्रशिक्षक आवडणे न आवडणे याच्याशी त्याचा संबंध इतर कोणत्याही वागण्यापेक्षा घट्ट होता. दिवसभरातल्या शंभर वाक्यांतली सत्त्याण्णव बरी असली तरी उरलेली तीन मूल घरी घेऊन जाते. सामने किती जिंकले याचा प्रशिक्षक आवडण्याशी त्या मानाने फार थोडा संबंध होता.

यानंतर त्यांनी प्रशिक्षकांसाठी एक छोटा वर्ग बेतला. हंगामापूर्वी काही तासांचा हा वर्ग असे आणि सांगणे साधे असे: प्रयत्नाचे कौतुक लगेच आणि मनापासून करा, चूक झाली की आधी धीर द्या, मग नेमके काय करायचे ते सांगा, आणि शिक्षा टाळा, आणि आपण हे किती पाळले ते सामन्यानंतर कागदावर लिहून ठेवा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बार्नेट, स्मोल आणि स्मिथ यांच्या अभ्यासात असा वर्ग केलेल्या प्रशिक्षकांच्या संघांतील केवळ ५ टक्के मुलांनी पुढच्या हंगामात खेळ सोडला, तर वर्ग न केलेल्यांच्या संघांत हे प्रमाण २६ टक्के होते. दोन्ही बाजूंच्या हारजितीत फरक नव्हता, त्यामुळे जिंकणाऱ्या संघात मुले टिकली असे म्हणायची सोय नाही. अभ्यास लहान होता, प्रशिक्षक वीसही नव्हते, हे नोंदवले पाहिजे. तरीही काही तासांत प्रशिक्षकाचे वागणे बदलता येते आणि त्या बदलाने मूल मैदानावर टिकते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे काम मला माहीत नाही. नेतृत्व जन्मजात असते म्हणणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

परिवर्तनवादी नेतृत्व या अलीकडे फार ऐकू येणाऱ्या सिद्धान्ताबद्दल थोडक्यात सांगतो. जेम्स बर्न्स यांनी १९७८ मध्ये राजकीय नेत्यांच्या संदर्भात आणि बर्नार्ड बास यांनी १९८५ मध्ये संस्थांच्या संदर्भात तो मांडला. ‘तू इतके कर, मी तुला इतके देईन’ हे देवाणघेवाणीचे नेतृत्व झाले. परिवर्तन घडवणारा नेता स्वतःच्या वागण्यातून उदाहरण घालून देतो, दूरचे ध्येय डोळ्यांसमोर उभे करतो, सहकाऱ्यांना स्वतः विचार करायला लावतो आणि प्रत्येकाकडे वेगळे लक्ष देतो. यातली शेवटची दोन कामे सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित.

उदाहरण घालून देणे म्हणजे काय, ते डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला दिसले. ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला होता, विराट कोहली पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी मायदेशी परतला होता आणि नेतृत्व अजिंक्य रहाणेकडे आले होते. तो ११२ धावांवर खेळत होता. रवींद्र जडेजाला अर्धशतकासाठी एक धाव हवी होती. त्याने चोरटी धाव घेण्यासाठी हाक दिली आणि रहाणे धावबाद झाला. कसोटीत धावबाद होण्याची ही त्याची पहिलीच वेळ. कर्णधार शतकावर असताना दुसऱ्याच्या घाईमुळे बाद झाला की मैदानावर काय होते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे: हात झटकणे, बॅट आपटणे, मागे वळून जळजळीत नजर टाकणे. रहाणे तंबूकडे वळण्याआधी जडेजाजवळ गेला, त्याला धीर दिला आणि मग निघाला. बाकीच्या संघाने ते पाहिले. भारताने ती कसोटी आठ गडी राखून जिंकली, सिडनीची वाचवली आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरलेला नव्हता, ३२८ धावांचे लक्ष्य गाठून मालिका २-१ अशी खिशात घातली. ती एक कृती हे विजयाचे कारण होते असा दावा मी करणार नाही. ब्रिस्बेनला पहिलीच कसोटी खेळणाऱ्या वॉशिंग्टन सुंदरने आणि दुसरीच खेळणाऱ्या शार्दूल ठाकूरने १२३ धावांची भागीदारी केली, ती मात्र चुकायला न घाबरणाऱ्या माणसांची भागीदारी होती.

इथपर्यंत आपण प्रशिक्षक आणि कर्णधार यांच्याविषयी बोललो. पण संघात नेतृत्व करतो कोण? बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठातील कात्रीन फ्रान्सेन आणि सहकाऱ्यांनी नऊ सांघिक खेळांतील ४,४५१ खेळाडू आणि प्रशिक्षकांना हे विचारले. त्यांनी नेतृत्वाची चार कामे मांडली: मैदानावर डावपेचांचे मार्गदर्शन करणारा, जिंकण्याची ईर्षा जागवणारा, मैदानाबाहेर सगळ्यांना धरून ठेवणारा, आणि संघाच्या वतीने व्यवस्थापन, पत्रकार, प्रायोजक यांच्याशी बोलणारा. उत्तर देणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांच्या मते या चारपैकी एकाही कामात त्यांचा कर्णधार हा संघातला मुख्य नेता नव्हता.

ही कर्णधारांची नालस्ती नाही. चार कामांना चार माणसे लागतात, हे त्यातून समजते. २०२५ च्या विश्वचषकातील भारतीय महिला संघच पाहा. साखळीत सलग तीन सामने हरल्यावर हा संघ उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियासमोर आला, आणि मध्यंतरी एका सामन्यासाठी संघाबाहेर बसवलेल्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा केल्या. सामन्यानंतर तिने मोकळेपणाने सांगितले की स्पर्धेच्या काळात चिंतेने तिला ग्रासले होते आणि सहकाऱ्यांनी तिला सावरले होते. धावफलकावर या सावरण्याची नोंद कुठेच नसते, पण तेही नेतृत्वच आहे. अंतिम सामन्यात हरमनप्रीत कौरने, प्रतिका रावलच्या दुखापतीमुळे ऐन वेळी संघात आलेल्या शफाली वर्माच्या हाती चेंडू दिला आणि तिने दोन महत्त्वाचे बळी मिळवले. हे डावपेचाचे नेतृत्व. मुजुमदार सीमारेषेबाहेर होता.

आता मुख्य प्रश्न: हे घडवायचे कसे? याबाबत न्यूझीलंडच्या रग्बी संघाइतके बोलके उदाहरण क्वचित सापडेल. २००४ मध्ये जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिकेकडून ४०-२६ असा पराभव झाल्यावर प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संघ चालवण्याची पद्धतच बदलली. खेळाडूंचा एक नेतृत्वगट तयार झाला, शिस्तीपासून डावपेचांपर्यंतचे निर्णय प्रशिक्षक आणि हा गट मिळून घेऊ लागले. त्याच सुमारास कर्णधार ताना उमागाने हेन्रींना विचारले की सामन्यापूर्वीचे तुमचे भाषण आमच्यासाठी असते की तुमच्यासाठी. हेन्री हे कित्येक वर्षे शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले, भाषणाची सवय असलेले गृहस्थ. त्यांनी विचार केला आणि सामन्यापूर्वीचे भाषण बंद केले. ती वेळ खेळाडूंची झाली. या प्रसंगात मला दोघांचेही नेतृत्व दिसते: विचारणाऱ्याचे आणि ऐकून घेणाऱ्याचे.

याची फळे लगेच मिळाली असे मात्र नाही. २००७ च्या विश्वचषकात हा संघ उपांत्यपूर्व फेरीतच फ्रान्सकडून हरला आणि शेवटच्या मिनिटांत मैदानावरच्या खेळाडूंना निर्णय घेता आले नाहीत, अशी कडाडून टीका झाली. अधिकार दिला म्हणजे निर्णय घेता येतोच असे नाही. दडपणाखाली निर्णय घेण्याचा वेगळा सराव लागतो, हे त्यांना तेव्हा उमगले. असा सराव त्यांनी केला आणि २०११ मध्ये त्याच फ्रान्सला ऑकलंडच्या अंतिम सामन्यात ८-७ असे हरवले. म्हणजे सात वर्षे लागली. ज्यांना दोन दिवसांच्या शिबिरातून कर्णधार हवा असतो त्यांनी ही सात वर्षे मोजावीत.

आपल्याकडे याला एक मोठा अडसर आहे आणि तो स्पष्ट सांगायला हवा. सरांपुढे ब्र काढायचा नाही, हीच आपल्या मैदानांवर शिस्त समजली जाते. दुखत असूनही न सांगणे, पटत नसूनही मान डोलावणे हे आज्ञाधारकपणाचे लक्षण मानले जाते, आणि मग अठराव्या वर्षी त्याच मुलाकडून आपण निर्णयक्षमतेची अपेक्षा करतो. ज्या मुलीला ‘सर, मला हे पटत नाही’ असे म्हणण्याची मुभा कधी मिळालेली नाही, ती मैदानावर नेतृत्व करू शकत नाही आणि मैदानाबाहेर कुणी तिच्याशी गैर वागले तर ते सांगूही शकत नाही. नेतृत्वाचे शिक्षण हा पदकांपुरता विषय नाही, असे मी म्हणतो ते यासाठी.

सुदैवाने आपल्याच मातीत असा एक खेळ आहे ज्यात नेतृत्व हातोहात फिरते. खो-खोत पाठलाग करणारा एकदा एका दिशेला निघाला की खांब ओलांडेपर्यंत त्याला मागे वळता येत नाही, बसलेल्या खेळाडूंच्या मधून पलीकडे जाता येत नाही. त्याच्या हातात असते ते फक्त कुणाला आणि कोणत्या क्षणी खो द्यायचा हे ठरवणे. तो निर्णय घेतो आणि पुढचा निर्णय ज्याला खो मिळाला त्याचा होतो. प्रशिक्षकाची हाक बाहेरून येईपर्यंत धावणारा दोन चौरस पुढे गेलेला असतो. हा धावणारा कधी बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळतो, ती साखळी; कधी वर्तुळात फिरत राहतो, तो गोल. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिला आणि पुरुष या दोन्ही संघांनी जिंकला, आणि प्रियंका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. चौथी-पाचवीपासून क्षणोक्षणी निर्णय घ्यायला लावणारा हा खेळ नेतृत्वाची शाळा ठरू शकतो, पण प्रशिक्षकाने ती चालू दिली तर.

एका तालुक्याच्या गावातील शाळेच्या मैदानावर मी मुलींचा सराव काही आठवडे पाहिला. सर कष्टाळू, मुलींवर जीव असलेले. पण सराव सुरू झाला की त्यांचा आवाज थांबत नसे. ‘खो दे! अगं, आता दे!’ काही वेळाने माझ्या लक्षात आले की पाठलाग करणारी मुलगी खो देण्याआधी क्षणभर सरांकडे पाहते आणि तेवढ्यात धावणारी निसटते. हे मी त्यांना सांगितल्यावर त्यांना आधी पटले नाही. मग त्यांनीच मोबाइलवर चित्रण करून घेतले, ते दोनदा पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून सरावातली शेवटची पंधरा मिनिटे शिट्टी तोंडात धरून गप्प उभे राहायचे ठरवले. शिट्टी नियमासाठीच वाजवायची. धावणाऱ्यांच्या तीन-तीनच्या तुकड्या कुणी पाडायच्या, हे रोज वेगळ्या मुलीने ठरवायचे. आणि सराव संपल्यावर सरांनी दोनच प्रश्न विचारायचे: काय दिसले? उद्या काय बदलाल?

पहिला आठवडा गोंधळाचा गेला. मुली एकमेकींकडे पाहत राहत, तुकड्या मैत्रिणी-मैत्रिणींच्या पडत, आणि ‘काय दिसले’ याचे उत्तर ‘काही नाही सर’ असे येई. सरांना गप्प राहणे फार जड गेले. एकदा ते पाठ फिरवून उभे राहिलेले मी पाहिले. दुसऱ्या आठवड्यात मुली आपसांत ओरडू लागल्या, तेव्हा मला बरे वाटले. तिसऱ्या आठवड्यात एक सातवीतली मुलगी, जी संघाच्या बाराजणींत असली तरी प्रत्यक्ष खेळायला क्वचितच उतरते, तुकड्या पाडायला उभी राहिली. तिने संघातल्या सर्वांत चपळ धावपटूला पहिल्या तुकडीतून काढून तिसऱ्या तुकडीत टाकले. सरांनी तोंड उघडले आणि पुन्हा मिटले.

सराव संपल्यावर सगळ्या मुली गोल करून बसल्या तेव्हा सरांनी तिला विचारले, ‘‘तिला मागे का टाकलंस?’’

ती आधी जमिनीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘सर, पहिल्या तुकडीत तिघीही साखळीच खेळतात. खो देणाऱ्यांना मग तेच तेच पळणं सवयीचं होतं. एक तरी गोल खेळणारी हवी. म्हणून हिला काढून त्या गोल खेळणारीला पुढे घेतली.’’

‘‘आणि ही शेवटी का?’’

‘‘तेव्हा समोरच्या दमलेल्या असतात ना, सर.’’

सरांनी खिशातून वही काढली. पुढच्या शनिवारच्या सामन्यासाठी त्यांनी तुकड्या लिहून ठेवल्या होत्या. त्यांनी ते पान एकदा वाचले, त्यावर रेघ मारली, आणि तिला म्हणाले, ‘‘सांग, कोणापासून लिहू?’’